गेटहोस्टनेम एका यंत्रावर कचरा देते, दुसऱ्यावर नाव कापते : चूक कोणाची?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

आमच्याकडे सी भाषेत लिहिलेली एक छोटी सेवा बरीच वर्षे चालू आहे. निरनिराळ्या यंत्रांवरच्या नोंदी एका ठिकाणी गोळा करायच्या आणि ओळ कोणत्या यंत्रावरून आली ते प्रत्येक ओळीच्या आरंभी लिहायचे, एवढेच तिचे काम. यंत्राचे नाव मिळवण्यासाठी मी गेटहोस्टनेम हे फंक्शन वापरले होते आणि त्याला ३२ बाइटांचा ॲरे दिला होता. तेव्हा आमच्या यंत्रांची नावे किल्ल्यांवरून ठेवलेली होती, तोरणा, राजगड, विसापूर अशी; त्यामुळे ३२ बाइट म्हणजे चंगळच वाटत असे. फंक्शनची रिटर्न व्हॅल्यू मी कधी तपासली नाही, हे आधीच कबूल करतो.

गेल्या महिन्यात नावे ठेवण्याची नवी पद्धत आली. आता नावात आधी गाव, मग विभाग, मग काम आणि सर्वांत शेवटी क्रमांक असतो, आणि अशी नावे ३५ ते ४० अक्षरांची होतात. त्यानंतर दोन निराळ्या तक्रारी आल्या. नेहमीच्या सर्व्हरांवर नावापुढे अगम्य चिन्हे उमटू लागली, कधी भलताच मजकूर चिकटून येऊ लागला. कंटेनरमध्ये (एकाच यंत्रावर वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रतींमध्ये) मात्र काही बिघडलेले दिसत नव्हते. तिथे नाव नीटनेटके ३१ अक्षरांवर थांबत होते. घात तिथेच झाला. क्रमांक शेवटी असल्यामुळे नेमका तोच कापला गेला, चार यंत्रांची नावे एकसारखी झाली आणि त्यांच्या नोंदी तीन दिवस एकमेकींत मिसळत राहिल्या.

सर्व्हरांवर जीलिबसी ही सी भाषेची नेहमीची लायब्ररी आहे, कंटेनरची इमेज अल्पाइन या छोट्या लिनक्सवर आधारलेली आहे, आणि कोड दोन्हीकडे अक्षरशः एकच आहे. मग यांपैकी बरोबर कोण वागते आहे? दुसरा प्रश्न असा, की घाईचा उपाय म्हणून मी कंटेनरच्या आतून सेटहोस्टनेम वापरून आखूड नाव ठेवायला गेलो, तर प्रोग्रॅम रूट म्हणून चालत असूनही परवानगी नाकारली गेली. असे का व्हावे?

(फंक्शनांची आणि फाइलींची नावे देवनागरीत लिहिली आहेत. सरावाच्या माणसांना ती ओळखू येतील.)

उंबरठा

पाटीपेन्सिल, दोन्ही लायब्रऱ्या नियमाला धरूनच वागत आहेत, आणि खरी अडचण तीच आहे. पोझिक्स या युनिक्सवर्गीय प्रणालींच्या प्रमाणकात या फंक्शनविषयी जे म्हटले आहे त्याचा आशय असा, की दिलेल्या जागेत नाव मावत असेल तर त्याच्या शेवटी शून्य बाइट (मजकूर इथे संपला ही खूण) असेल; मावत नसेल तर नाव कापले जाईल, आणि कापलेल्या नावाच्या शेवटी शून्य बाइट असेल की नसेल हे प्रमाणक सांगत नाही. शिवाय या फंक्शनसाठी प्रमाणकाने एकही त्रुटी ठरवून दिलेली नाही. म्हणजे नाव कापले गेले हे तुम्हाला कळवण्याचे बंधन लायब्ररीवर नाहीच.

आता तुमच्या दोन यंत्रांवर काय घडले ते पाहू. एक्स८६ वर्गाच्या लिनक्सवर गेटहोस्टनेम नावाचा स्वतंत्र सिस्टम कॉल नाही. ते लायब्ररीतले फंक्शन आहे आणि आतून यूनेम हा कॉल करते. यूनेमकडून जी रचना भरून येते तिच्यात कर्नलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) नाव, आवृत्ती, प्रोसेसरचा प्रकार यांच्यासोबत नोडनेम नावाचे एक क्षेत्र असते, आणि यंत्राचे नाव म्हणजे तेच. जीलिबसी त्यातून जेवढे बाइट तुमच्या जागेत मावतील तेवढे उचलून ठेवते आणि शून्य बाइटासकट नाव मावले नाही तर उणे एक परत देऊन एररनो या त्रुटीक्रमांकाच्या चलात ईनेमटूलाँग (नाव फार लांब) ही त्रुटी नोंदवते. तुमचा ॲरे ३२ अक्षरांनी काठोकाठ भरला, शून्य बाइटाला जागा उरली नाही, आणि छापणारे फंक्शन शून्य सापडेपर्यंत स्टॅकवर (प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या स्मृतीत) पुढे वाचत सुटले. तुम्हाला दिसलेला कचरा तो.

अल्पाइनमध्ये जीलिबसीऐवजी मसल ही लायब्ररी असते. तीही यूनेमच करते, पण जागा कमी पडली तर शेवटच्या बाइटावर शून्य लिहिते आणि सारे काही ठीक असल्याप्रमाणे ० परत देते. ३२ बाइटांच्या जागेत ३१ अक्षरे आणि एक शून्य, हा तुमचा हिशेब तिथे जुळतो.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. «रिटर्न व्हॅल्यू तपासा» हा जो सल्ला तुम्हाला कोणीही देईल, तो पाळला असता तरी कंटेनरमधली गफलत पकडली गेली नसती. तिथे जागाच पुरेशी मोठी द्यावी लागते. मी स्वतः २५६ बाइट देतो, शेवटचा बाइट आपल्या हाताने शून्य करतो आणि रिटर्न व्हॅल्यूही तपासतो. ज्यांना इतकी जागा उधळपट्टी वाटते त्यांनी सिसकॉन्फ या फंक्शनला होस्टनेमची कमाल लांबी विचारावी आणि उत्तरात एक मिळवावा, कारण त्या लांबीत शून्य बाइट धरलेला नसतो. होस्ट_नेम_मॅक्स हे चिन्ह थेट कोडमध्ये वापरण्याचा मोह टाळलेला बरा. लिनक्सवर ते मिळते, पण ते प्रत्येक प्रणालीने द्यावेच असे पोझिक्सचे म्हणणे नाही.

अर्धविराम

उंबरठा यांच्या प्रतिसादात भर घालतो. त्यांचा २५६ आणि लिनक्सचा ६४ हे आकडे कुठून आले, हे ठाऊक नसले की लोक मनाला येईल तो आकडा लिहितात.

गेटहोस्टनेम आणि सेटहोस्टनेम ही दोन्ही फंक्शने १९८३ सालच्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत प्रथम आली. लिनक्सच्या अगदी आरंभीच्या कर्नलांत नावासाठी अवघे ८ बाइट होते, १.० आवृत्तीपासून ते ६४ झाले आणि आजही तितकेच आहेत. यूनेमच्या रचनेत ६५ बाइटांचे क्षेत्र असते, ६४ नावासाठी आणि एक शून्यासाठी. पोझिक्सने मात्र कोणत्याही प्रणालीवर कमाल मर्यादा निदान २५५ असावी असे चिन्ह ठरवून ठेवले आहे, त्यामुळे कागदावरचा नियम आणि लिनक्सचे प्रत्यक्ष वागणे यांच्यात इथे सरळ तफावत आहे. फ्रीबीएसडीवर मर्यादा शून्यासकट २५६ ची आहे.

तिसरा आकडा डीएनएसचा, म्हणजे इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा. तिथे दोन ठिपक्यांमधला एक भाग जास्तीत जास्त ६३ बाइटांचा आणि सबंध नाव २५५ बाइटांचे असू शकते. म्हणजे डीएनएसच्या नियमात बसणारे एखादे लांबलचक पूर्ण नाव लिनक्सच्या कर्नलमध्ये मावणारच नाही, असे होऊ शकते. त्याहून जुना नियम पाहायचा तर १९८५ च्या आरएफसी ९५२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) नावाला २४ अक्षरांची मर्यादा होती आणि पहिले अक्षर अंक असून चालत नसे. अंकाची ती अट १९८९ च्या आरएफसी ११२३ ने काढून टाकली.

मसलविषयी उंबरठा यांचा सूर थोडा नाराजीचा वाटला. मला विचाराल तर स्टॅकवरचा मजकूर नोंदींत सांडण्यापेक्षा कापलेले नाव परवडले. त्या कचऱ्यात एखादा पासवर्डही असू शकतो, आणि नोंदी तर दहा जण वाचतात.

उंबरठा

तो धोका मान्य आहे. पण कचरा दिसला म्हणूनच त्यांच्याकडे सर्व्हरांची तक्रार पहिल्या दिवशी आली असणार; कंटेनरची गफलत तीन दिवस कोणाच्या लक्षातच आली नाही. गुपचूप होणारी चूक मला अधिक भिववते.

किल्लेदार

सेटहोस्टनेमविषयी लिहितो, कारण तो प्रश्न बाजूला राहिला आहे.

हे फंक्शन पोझिक्समध्ये मुळात नाही. यंत्राला नाव विचारणे हे कोणत्याही प्रोग्रॅमचे काम असू शकते. नाव ठेवणे हे ते यंत्र सांभाळणाऱ्याचे काम, आणि ते कसे करावे हे प्रमाणकाने प्रत्येक प्रणालीवर सोडून दिले आहे. लिनक्सवर त्याला कॅप_सिस_ॲडमिन हा विशेषाधिकार लागतो. आपण ज्याला रूट म्हणतो तो वापरकर्ता म्हणजे पूर्वी सर्वाधिकारी असे; आता त्याचे अधिकार सुटे सुटे केलेले आहेत, आणि डॉकरसारखी साधने कंटेनर सुरू करताना त्यांतले बरेचसे काढून घेतात. कॅप_सिस_ॲडमिन त्या काढून घेतलेल्यांत असतो. म्हणून तुमचा रूट हा नावाचाच रूट होता आणि त्याला ईपर्म ही त्रुटी मिळाली. त्या एका अधिकारावर माउंट करण्यापासून कितीतरी गोष्टी अवलंबून असल्यामुळे केवळ नाव बदलता यावे म्हणून तो कंटेनरला देऊन टाकू नका. कंटेनर सुरू करतानाच होस्टनेमचा पर्याय देता येतो. तो न दिल्यास डॉकर कंटेनरच्या ओळखक्रमांकाची पहिली १२ अक्षरे नाव म्हणून ठेवतो.

कंटेनरला यजमान यंत्राहून वेगळे नाव असू शकते, याचे कारण यूटीएस नेमस्पेस, म्हणजे यंत्राच्या नावाचा कर्नलमधला स्वतंत्र कप्पा. ही सोय लिनक्सच्या २.६.१९ या आवृत्तीत, म्हणजे २००६ साली आली. तोपर्यंत एका कर्नलचे एकच नाव असे. तेव्हापासून नाव कर्नलचे न राहता नेमस्पेसचे झाले, आणि एकाच कर्नलवर शंभर प्रक्रिया शंभर निरनिराळी नावे वाचू शकतात. हे पाहायचे असेल तर अनशेअर या आज्ञेने नवी वापरकर्ता नेमस्पेस आणि नवी यूटीएस नेमस्पेस एकदमच काढा. ज्या वितरणांनी ही मुभा बंद केलेली नाही तिथे साध्या वापरकर्त्यालाही हे जमते. आत होस्टनेम बदला आणि दुसऱ्या खिडकीत मूळ नाव जसेच्या तसे असल्याची खात्री करून घ्या. नव्या शिकाऊ मुलांना कंटेनर म्हणजे काय हे सांगताना मी नेहमी हाच प्रयोग आधी करून दाखवतो. चित्रे काढून जे अर्ध्या तासात समजत नाही ते दोन आज्ञांत समजते.

वापरताना दोन बारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात. सेटहोस्टनेमला नावासोबत लांबी द्यायची असते आणि त्या लांबीत शून्य बाइट मोजायचा नसतो. काही जण लांबीच्या जागी ॲरेचा पूर्ण आकार देतात; तो ६४ हून मोठा असला की ईइन्व्हॅल ही त्रुटी येते आणि नाव तर आखूडच आहे म्हणून माणूस चक्रावतो. दुसरी गोष्ट अशी, की हे नाव केवळ स्मृतीत राहते. यंत्र पुन्हा सुरू झाले की ईटीसी निर्देशिकेतल्या होस्टनेम या फाइलमध्ये जे लिहिलेले असेल ते पुन्हा लागू होते. दोन्हीकडे बदल एकदम व्हावा असे वाटत असेल तर सिस्टमडी (लिनक्सवरच्या सेवा सुरू करणारी आणि सांभाळणारी व्यवस्था) असलेल्या यंत्रांवर होस्टनेमसीटीएल वापरावे.

नाव बदलल्यावर कोण कोण रुसते याचाही अनुभव सांगून ठेवतो. ईटीसीतल्या होस्ट्स फाइलमध्ये जुनेच नाव राहिले तर सुडो (रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवणारे साधन) प्रत्येक वेळी नव्या नावाचा पत्ता लागत नसल्याची कुरकुर करते. एक्स विंडो या पडद्यावरच्या खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेच्या परवानगीच्या नोंदी यंत्राच्या नावावर बांधलेल्या असतात, त्यामुळे चालू सत्रात नाव बदलले तर नवी खिडकी उघडणेच बंद पडू शकते. हे माझ्या बाबतीत एका प्रशिक्षणवर्गात ऐन प्रात्यक्षिकाच्या वेळी घडले आहे, आणि वीस जणांसमोर काही सुचेनासे झाले होते.

शाईचा_डाग

थोडे विषयाच्या कडेने विचारते. यंत्राचे नाव देवनागरीत ठेवता येते का? मी जुन्या लॅपटॉपवर सी प्रोग्रॅम लिहून सेटहोस्टनेमला «रायगड» दिले, तर ते निमूटपणे स्वीकारले गेले आणि गेटहोस्टनेमनेही तेच परत दिले. पण होस्टनेम या आज्ञेने तेच नाव अवैध म्हणून नाकारले. एकाच यंत्रावर दोन न्याय कसे?

अर्धविराम

कारण न्याय देणारे दोन वेगळे आहेत. कर्नल नावाकडे केवळ बाइटांची माळ म्हणून पाहतो. लांबी ६४ च्या आत आहे आणि विचारणाऱ्याकडे अधिकार आहे, एवढे झाले की त्यात कोणती अक्षरे आहेत याची तो चौकशी करत नाही. अक्षरे, अंक आणि आडवी रेघ एवढेच चालेल ही अट नेटवर्कच्या परंपरेतून आलेली आहे आणि ती होस्टनेमसारखी वरच्या थरातली साधने तपासतात. तुम्ही खालच्या दारातून आत गेलात.

देवनागरीत मर्यादा मात्र लवकर गाठली जाते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सारी वेगळी चिन्हे धरली जातात. «रायगड» १५ बाइटांचे होते. «सिंधुदुर्ग» डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते पण त्यात १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट आहेत. ६४ बाइटांत फार तर २१ चिन्हे बसतात. धागाकर्त्यांच्या ३२ बाइटांच्या ॲरेत एखादे लांब देवनागरी नाव मसलने कापले असते तर १० चिन्हे पूर्ण आली असती आणि अकराव्याचा एक बाइट शेवटी लोंबकळत राहिला असता.

रोजच्या वापरात मात्र असे नाव ठेवू नये. मेल, सुडो, छपाईच्या सेवा यांतले कोण अडेल ते सांगता येत नाही. हौस भागवायची तर सिस्टमडीने सुशोभित नावाची सोय दिलेली आहे. ते नाव ईटीसीतल्या मशीन-इन्फो या फाइलमध्ये राहते, यूटीएफ-८ मध्ये काहीही असू शकते आणि गेटहोस्टनेमच्या वाटेला जात नाही. «माईंचा लॅपटॉप» असे तिथे खुशाल लिहा. डॉट भारत हे डोमेन २०१४ पासून देवनागरीत मिळते हे खरे, पण तिथेही डीएनएसकडे जाताना प्युनिकोड पद्धतीने त्याचे ११ रोमन चिन्हांत रूपांतर होते. ते रूपांतर ब्राउझर किंवा त्यासाठीची लायब्ररी करते. गेटहोस्टनेम करत नाही.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आता एक विचार मनात आला आहे. नावे बदलतात, कापली जातात, एकसारखीही होतात. तर नोंदींत नावाऐवजी गेटहोस्टआयडीचा आकडा का लिहू नये? मॅन्युअलमध्ये ते यंत्राचा अनन्य ओळखक्रमांक देते असे म्हटलेले दिसते.

किल्लेदार

कृपा करून तसे करू नका. हे फंक्शन ३२ बिटांचा आकडा देते, आणि जीलिबसीमध्ये ईटीसीतली होस्टआयडी ही फाइल नसेल तर तो आकडा ती चक्क यंत्राच्या नावावरूनच काढते. आधी गेटहोस्टनेमने नाव घेते, त्या नावाचा आयपीव्ही४ पत्ता शोधते आणि त्या पत्त्याचे बाइट उलटसुलट करून तुमच्या हातात ठेवते. डेबियन आणि उबुंटूच्या होस्ट्स फाइलमध्ये यंत्राचे नाव प्रथेप्रमाणे १२७.०.१.१ या पत्त्याला जोडलेले असते. त्यामुळे अशा असंख्य यंत्रांवर हा अनन्य क्रमांक ००७एफ०१०१ असाच निघतो. नावापासून पळून तुम्ही पुन्हा नावाच्याच दारात याल.

सिस्टमडी असलेल्या यंत्रांवर ईटीसीत मशीन-आयडी ही ३२ षोडशमान अंकांची फाइल असते, ती पाहा. तिच्याबाबतीत दोन गोष्टी जपाव्यात. ती जशीच्या तशी नेटवर्कवर पाठवू नये. ती गोपनीय समजावी आणि तिच्यापासून आपल्या प्रोग्रॅमपुरता वेगळा क्रमांक तयार करून घ्यावा, असे तिच्या मॅन्युअलमध्येच सांगितले आहे. दुसरे असे, की एका डिस्कची नक्कल करून यंत्रे तयार केली असतील तर मशीन-आयडीचीही नक्कल होते. नक्कल करण्यापूर्वी ती फाइल रिकामी करून ठेवली की प्रत्येक यंत्र पहिल्यांदा सुरू होताना आपला क्रमांक स्वतः तयार करते.

उंबरठा

पूर्ण नावाबद्दल कोणी विचारले नाही, पण पुढचा प्रश्न तोच येणार म्हणून लिहून ठेवतो. गेटहोस्टनेम डोमेनसह पूर्ण नाव देईलच असे नाही. नाव ठेवणाऱ्याने जे ठेवले तेच ते देते. कोणी नुसते नाव ठेवतात, कोणी आडनावासकट. पूर्ण नाव हवे असेल तर मिळालेले नाव गेटॲड्रइन्फोला द्यावे आणि कॅनॉननेमचा झेंडा लावून उत्तर घ्यावे. गेटहोस्टबायनेम वापरू नये. पोझिक्सने ते २००८ सालीच काढून टाकले आहे. गेटडोमेननेम या नावावरही भुलू नये, कारण ते डीएनएसचे डोमेन देत नाही, एनआयएस या जुन्या व्यवस्थेचे देते.

खिडकीवाला

विंडोजकडून एक नोंद. तिथल्या गेटकॉम्प्युटरनेमला लांबी आकडा म्हणून न देता आकड्याचा पॉइंटर दिला जातो. जागा कमी पडली तर फंक्शन अपयशी ठरते, आणि त्याच पॉइंटरमधून किती जागा लागेल ते शून्यासकट सांगते. नाव कापून हातात ठेवण्याचा प्रकार तिथे नाही. मर्यादा मात्र नेटबायॉस या जुन्या नेटवर्क पद्धतीच्या काळातली, अवघी १५ अक्षरांची आहे, आणि सेटकॉम्प्युटरनेमने ठेवलेले नाव यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

केलेल्या दुरुस्त्या नोंदवतो. ॲरे २५६ बाइटांचा केला, आरंभी तो शून्यांनी भरला, लायब्ररीला २५५ च सांगितले, आणि उणे एक आल्यास सेवा सुरूच होऊ नये असे लिहिले. मशीन-आयडीपासून काढलेला क्रमांक नावाच्या शेजारी वेगळ्या रकान्यात ठेवला आहे, नावाच्या जागी नाही, कारण रात्री दोन वाजता नोंदी वाचणाऱ्या माणसाला नावच हवे असते. कंटेनरची नावे सुरू करतानाच दिली जातील.

जुना कोड वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. सेवा सुरू होतानाच नाव एकदा वाचून ठेवले जाते आणि पुढे कधीच विचारले जात नाही. म्हणजे कोणी मध्येच नाव बदलले तर सेवा थांबवून पुन्हा चालू करेपर्यंत नोंदींत जुनेच नाव येत राहील. हे मी तसेच ठेवले आहे. एकाच दिवसाच्या नोंदींत एका यंत्राची दोन नावे आली तर गोंधळ वाढेल.

काल रात्री चाचणी म्हणून एका यंत्राला पूर्ण ६४ अक्षरांचे नाव ठेवून पाहिले. सेवेने ते नीट घेतले, नोंदींच्या फाइलमध्येही ते नीट उतरले, पण त्या नोंदी जिथे साठवल्या जातात त्या डेटाबेसमधला नावाचा रकाना ४० अक्षरांचा निघाला. तोही मीच तयार केलेला होता.